लेखाआक्षेप क्रमांक सात

साहेब,
आपला आक्षेप मिळाला:
'ऐरोली उपकेंद्र, खोली क्रमांक बारा.
विजेचा खर्च गतवर्षीच्या तिप्पट.
कारण द्यावे.'

देतो.
तेवीस वर्षं या टेबलावर आहे,
कारण एका ओळीत बसवावं, एवढं कळतं मला.
हे बसत नाहीये.

आधी वीज का कमी होती, ते सांगतो.
डॉ. सुलक्षणा वाघमोडे तेव्हा तासिका तत्त्वावर.
अकरा वर्षं.
सकाळी आमच्याकडे दोन तास, दुपारी कळव्याला एक,
संध्याकाळी वाशीत, कुणाच्या तरी रजेच्या जागी.
डबा बसमध्ये, पेपर तपासणं रिक्षात.
मे महिन्यात तास नसत,
म्हणून मे महिना त्यांच्या बिलात नसे.
बिलं मीच करायचो. तास गुणिले दर.
बेरीज कधी चुकली नाही.
एखादं पोर शंका घेऊन व्हरांड्यात आडवं आलं
की त्या चालता चालता सांगत,
उत्तराचा शेवट जिन्यावर सांडत जाई.
खोली बाराचा दिवा अकरा चाळीसला विझायचा.
बचत होती, साहेब.

मग तो निधी आला.
रबाळ्यात व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका बाईंनी दिलेला;
पाटी नको म्हणाल्या, हिशेब तेवढा नीट ठेवा.
दोन पूर्णवेळ पदं, चार शिष्यवृत्त्या, एक सूक्ष्मदर्शक.
मी रकाने आखले.
शेवटचा तुमच्याच नमुन्यातला: 'परतावा'.

पहिल्या महिन्यात मॅडमनी काय केलं असेल?
त्या बसल्या.
तास संपला, घंटा झाली,
आणि पर्स खुंटीला तशीच ठेवून
त्या खुर्चीत बसून राहिल्या.
मी दोनदा डोकावलो, वाटलं, बरं नाहीये.
पोरंही बुजली.
मग दिवा कोळीवाड्याची हर्षिका तांडेल पुढे झाली.
शिष्यवृत्तीआधी पहाटे कोळंबी सोलायला जायची ती,
पहिल्या तासाला बोटांत पेन धरवत नसे.
म्हणाली,
"मॅडम, तुमच्या पुस्तकात निवटीची एकच जात.
आमचा बाबा तीन सांगतो."

तिथून मीटर पळायला लागला.

खाडीचा चिखल बाटल्यांतून वर आला,
माझ्या जिन्यावर पावलं उमटली;
झाडूवाल्या मावशींची तक्रार वेगळी जोडली आहे.
एका संध्याकाळी तांडेल स्वतः आले, बादली घेऊन.
चप्पल दाराशी काढली.
मॅडमनी स्वतःचं स्टूल त्यांना दिलं.
भिंगात डोळा लावून
तो माणूस कितीतरी वेळ उठलाच नाही.
मग म्हणाला,
"यवरं सगलं आमचे पायाखाली व्हतं?"

सगळं गोड नाही, तेही नोंदवतो.
तुर्भे स्टोअरचा अंकुश सोनकवडे ऑक्टोबरात गेला,
गोदामात रात्रपाळी मिळाली म्हणाला.
त्याच्या शिष्यवृत्तीची उरलेली रक्कम परत आली.
मुलगा आला नाही.
आणि तीन निवट्यांपैकी एक
दुसरीचीच मादी निघाली.
हर्षिका दोन दिवस बाबाशी बोलली नाही.
तिसरीचं अजून ठरायचंय.
त्यालाच दिवा लागतो, साहेब.

सबब, आक्षेप वगळावा अशी विनंती मी करत नाही.
राहू द्या कागदावर.
पुढच्या वर्षी आकडा याहून मोठा असेल.
'परतावा' हा रकाना कोरा पाठवता येत नाही,
म्हणून तूर्त त्यात पेन्सिलीनं लिहिलंय:
'रात्री नऊ वीस. चौघं आत. मॅडम धरून पाच.'
नियमात बसत नसेल तर खोडा.
खोडरबर सोबत जोडलेलं नाही.

आपला,
ग. धों. भोपी
कनिष्ठ लेखापाल